आर्लीन निएमीच्या फळीवरचे थर

आर्लीन निएमीचं घोडं अडलं ते कापडापाशी.

तोवरचं सगळं तिने निभावून नेलं होतं. ऑरेगॉनमधल्या अ‍ॅस्टोरियाच्या नदीत खांबांवर उभी असलेली तिच्या वडिलांची जाळी ठेवायची खोप पालिकेने धोकादायक ठरवली, तेव्हा पाडणारे यायच्या आत तिने आतल्या भिंतींच्या तांबड्या देवदाराच्या फळ्या एकेक करून उचकटून आणल्या. काकांच्या करवतीवर त्या फळ्यांच्या पातळ पट्ट्या काढून घेतल्या, दोन नाणी एकावर एक ठेवावीत एवढ्या जाडीच्या. मग फोमचा साडेनऊ फुटी गाभा आणला, त्याच्या अंगाला आधी कापडाचा एक पातळ थर आणि त्यावर वरून-खालून त्या पट्ट्या चिकटवल्या, अख्खा ऐवज प्लॅस्टिकच्या लांबलचक पिशवीत घातला आणि पंपाने आतली हवा ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी पिशवी फाडली तर आत लाकडाचा भलामोठा मासा! गॅरेजमध्ये दोन लाकडी घोड्यांवर तो आडवा पडला आणि आर्लीन त्याच्याकडे बघत कॉफीचे तीन कप प्याली.

आता राहिलं होतं वरचं आवरण. काचेच्या धाग्यांचं कापड लाकडावर पसरायचं, रेझिनमध्ये, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या राळेत, भिजवायचं, वाळलं की घासायचं, झाला सर्फबोर्ड. पण कापड कसलं आणि थर किती? कमी पडले तर बोर्ड चेपणार, जास्त झाले तर उचलणार नाही. आणि लाकूड होतं एकाच बोर्डापुरतं. खोप काही पुन्हा बांधून पुन्हा पाडता येणार नव्हती.

आर्लीनने शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढली होती. चारशे पोरांचं जेवण रोज. आवाज असा, की तिने नुसतं "रांग!" म्हटलं तर पलीकडच्या रस्त्यावरचे मोठे लोकसुद्धा रांगेत उभे राहत. अंगाने भरभक्कम. कुणी त्यावरून बोललंच तर म्हणायची, "माझं जेवण मीच खाल्लं नाही तर दुसऱ्याने का खावं?" लग्न करायचं राहून गेलं, आणि त्याची तिला फारशी चुटपुट नव्हती.

सर्फिंगला ती लागली सत्तावन्नाव्या वर्षी, तीही चुकून. गावातल्या फिनलंडहून आलेल्या कुटुंबांच्या फिनिश मंडळाच्या सभागृहात मध्यउन्हाळ्याच्या सणाच्या सोडतीत तिला बक्षीस लागलं: सीसाइडच्या डेल्फिना ओरोझ्कोच्या दुकानातर्फे सर्फिंगचा एक धडा. सगळं सभागृह हसलं. कुणीतरी म्हणालं, "आर्लीन, भाचीला दे गं ते." हे म्हटलं नसतं तर तिने दिलंही असतं. पण म्हटलं, म्हणून ती स्वतः गेली. पहिल्या दिवशी तिच्या मापाचा रबरी सूट चढवायला डेल्फिनाला नि तिला मिळून पाऊण तास लागला, आणि पाण्यात ती टिकली वीस मिनिटं. बाहेर आली तेव्हा ओठ निळे, नाकातून पाणी, आणि तोंडात एकच प्रश्न: "उद्या किती वाजता?"

त्याला पाच वर्षं झाली. आता ती बासष्टची होती आणि तिला स्वतःचा, स्वतःच्या हातचा बोर्ड हवा होता.

तर कापड. सल्ला विचारायला माणसं दोनच होती आणि दोघांनाही न विचारताच सल्ला द्यायची सवय.

एक डेल्फिना. चाळिशीची, काटकुळी, वीस वर्षं बोर्ड घडवत आलेली. तिचं मत: चार औंसाचं कापड, वर एक थर, खाली एक थर, बस्स. एक वार लांब नि एक वार रुंद तुकडा चार औंस भरतो ते चार औंसाचं कापड. हातात घेतलं तर पदरासारखं झुळझुळतं.

"लाकूड स्वतःच ताकद आहे, आर्लीन. त्याला रजई कशाला पांघरतेस? शॉर्ट सँडच्या किनाऱ्यावर जंगलातून अर्धा मैल बोर्ड उचलून न्यायचाय, विसरू नकोस."

दुसरे रेइनोकाका, तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ. वय चौऱ्याऐंशी. सॅमन माशांच्या मासेमारीच्या होड्या बांधण्यात त्यांची हयात गेली. त्यांचं मत: दहा औंसाचं कापड, तीन थर, दोन्ही बाजूंनी. शिवाय वरून पांढरा रंग.

"रंग?" आर्लीन म्हणाली. "मग लाकूड कशाला लावलं मी? पुठ्ठा लावला असता!"

"रंगाने ऊन लागत नाही," काका म्हणाले.

"ऑरेगॉनमध्ये?" डेल्फिनाने खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाहेर चौथ्या दिवसाची झड लागली होती.

हे तिघांचं संभाषण आर्लीनच्या स्वयंपाकघरात, वेलचीच्या पावाच्या ताटाभोवती चाललं होतं. काकांनी चौथा तुकडा कॉफीत बुडवला.

"माझी एकही होडी फुटलेली नाही."

"तुमच्या होड्यांना इंजिन होतं, रेइनो. हिला फक्त दोन हात आहेत."

"तुझे बोर्ड मोडतात. समुद्रावर मी तुकडे बघितलेत. अर्धे अर्धे."

"ते माझे नव्हते!"

"नाव असलेला तुकडा तुझाच होता."

डेल्फिना लाल झाली. आर्लीनने पळी टेबलावर आपटली. "गप्प! दोघंही गप्प. एकतीस वर्षांत मी चव घेतल्याशिवाय एकाही पातेल्यात मीठ घातलं नाही. कापडाचीही चव घेऊनच ठरवणार."

आणि तिने खरंच तसं केलं. पट्ट्यांचे तुकडे उरले होते, फोमचेही उरले होते. त्यांचे तिने पावाएवढे ठोकळे चिकटवून घेतले आणि बेकिंगच्या ट्रेमध्ये ओळीने मांडले. प्रत्येकापुढे शाळेतल्यासारखी चिठ्ठी: चारचा एक थर. चारचे दोन. सहाचा एक. सहा आणि चार. आणि शेवटी काकांचे दहाचे तीन.

काकांना तिच्या रेझिनवर विश्वास नव्हता. आपल्या ठोकळ्यासाठी त्यांनी घरून होडीच्या रेझिनचा गंजका डबा आणला, काठी घालून ढवळला आणि सढळ हाताने ओतला.

"काका, हे रेझिन या फोमला चालत नाही म्हणतात."

"होडीला चाललं, फोमला चालणार नाही?"

डेल्फिना एक खुर्ची ओढून समोर बसली, सिनेमाला बसावं तशी.

रेझिन कडेवरून फोमवर ओघळलं. आधी एक बारीक चर्र आवाज आला. मग साखरेचा खडा चहात विरघळावा तसा फोम आत आत जायला लागला. दोन मिनिटांत वरचं लाकूड नि तीन थर कापड, सगळं खाली बसलं आणि ट्रेमध्ये उरलं एक चिकट डबकं. काकांनी टोपी मागे सरकवली.

"फोम निकृष्ट आहे," ते म्हणाले.

डेल्फिना हसून हसून खुर्चीवरून घसरली. पण आर्लीन न्यायाची पक्की. तिने नवा ठोकळा केला, आपलं फोमला चालणारं इपॉक्सी रेझिन घेतलं, आणि काकांचे तीन थर पुन्हा मन लावून चढवले.

आठवडाभर ठोकळे वाळले. मग परीक्षा. आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन, त्यावरून अख्ख्या बोर्डाचा हिशेब: डेल्फिनाच्या मताने सतरा पौंड, काकांच्या मताने एकतीस. मग आर्लीन एकेका ठोकळ्यावर गुडघा टेकून, सगळा भार टाकून बसली. डेल्फिनाच्या एका थराच्या ठोकळ्यावर गुडघा उमटला, पिठाच्या गोळ्यात अंगठा उमटावा तसा, आणि लाकडात केसाएवढी चीर गेली. काकांच्या ठोकळ्यावर काहीच झालं नाही. आर्लीनचा गुडघा मात्र दोन दिवस दुखला.

"माझे बोर्ड तुझ्या गुडघ्यासाठी..." डेल्फिना बोलता बोलता थांबली.

"बोल, बोल. माझा गुडघा केवढा आहे ते मला ठाऊक आहे. पण पाण्यात हाच गुडघा जाणार ना माझ्याबरोबर? दुसऱ्याचा उसना आणू?"

मधल्या ठोकळ्यांनी बरा निकाल दिला. डेल्फिना दोन पावलं मागे यायला तयार झाली. "ठीक आहे. वर सहाचा एक." काका मात्र हलेनात. तीन थर आणि पांढरा रंग. रंगाचा विषय आला की ते कप उचलून खिडकीपाशी जात आणि नदीतली जहाजं मोजत. आर्लीनला हे नवीन होतं. काका हट्टी होते, पण हट्टाला कारण देणारे हट्टी. इथे त्या उन्हाखेरीज कारणच देत नव्हते.

कारण सापडलं ते फडक्याखाली.

कापड चढवण्याआधी लाकूड स्पिरिटने पुसून घ्यायचं असतं. आर्लीन शेपटीपासून सुरुवात करून वर सरकत होती. लाकूड ओलं झालं की रंग उजळत होता. तपकिरी, तांबूस, मधासारखा. आणि एका पट्टीवर, त्या ओल्या उजाळ्यात, अक्षरं उमटली. सुताराच्या जाड पेन्सिलीने दाबून लिहिलेली, फिनिश भाषेत, तिच्या वडिलांच्या हातची. आर्लीनचं फिनिश म्हणजे जेवणाचे पदार्थ आणि शिव्या एवढंच, पण एवढं तिला कळलं.

"रेइनोने माझा रंधा नेला. उद्या देतो म्हणाला. मे १९७१."

त्याच्या खाली, जरा बारीक अक्षरात: "जून. उद्या."

आणि त्याच्याही खाली: "ऑगस्ट. विचारलं. उद्या."

आर्लीन मटकन स्टुलावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. वडील जाऊन एकवीस वर्षं झाली होती. त्यांचा आवाज तिला अलीकडे नीट आठवत नसे. आणि आता तो इथे होता, कुरकुरा, सगळं लिहून ठेवणारा, पण भावाला एक शब्द वावगा न बोलणारा.

मग तिला आठवलं, पट्ट्या काकांनीच कापल्या होत्या. त्यांनीच त्या क्रमाने लावून, आकडे टाकून दिल्या होत्या. या पट्टीचा आकडा अक्षरांच्या उलट्या बाजूला होता, म्हणजे काकांच्या मनासारखी लावली असती तर अक्षरं खाली दबली असती. गाठीचा मेळ बसावा म्हणून चिकटवताना तिनेच ती पालथी केली होती.

तिने फोन उचलला. "काका, कॉफी टाकलीय. या. आणि येताना रंधा घेऊन या."

पलीकडे एक लांब सुस्कारा.

काका आले ते जुन्या टॉवेलात गुंडाळलेली वस्तू काखेत घेऊन. गॅरेजच्या दारातच थांबले. आतल्या घोड्यांवर नजर टाकली नि वळवली.

"तुम्ही बघितलं होतं," आर्लीन म्हणाली.

"करवतीवर घेताना."

"म्हणून तीन थर?"

"तीन थर चांगलेच असतात."

"आणि पांढरा रंग?"

काकांनी टोपी काढली, हातात फिरवली. "पोरी, मी तो चोरला नव्हता. त्या वर्षी पहिली होडी बांधायला घेतली. माझा रंधा बोथट होता, तुझ्या वडिलांचा, वॉलफ्रिडचा, मेण कापावं तसा चालायचा. दर दिवशी वाटायचं, एवढी कड झाली की देऊन टाकतो. मग दुसरी होडी. मग तिसरी. एवढा उशीर झाला, की आता परत द्यायला जाणं हेच न देण्यापेक्षा लाजिरवाणं वाटायला लागलं. त्याने पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर दिला असता. शपथेवर सांगतो, दुसऱ्या दिवशी."

"दुसऱ्या दिवशी!" आर्लीन पुन्हा हसायला लागली. काका आधी दुखावले, मग त्यांच्याही तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"सगळं गाव वाचेल," ते म्हणाले.

"फिनिश वाचणारे आता उरलेत किती? तुम्ही, मी निम्मी, आणि पाद्रीबाई. तिला कुणाचं काही सांगायचं नसतं, ते तिचं कामच आहे."

टॉवेल उलगडला. रंधा नीट जपलेला होता, मूठ हाताच्या घामाने काळी तुळतुळीत झालेली आणि पातं आरशासारखं. आर्लीनने तो हातात घेतला, तोलला, आणि काकांना परत दिला.

"बोर्डाच्या कडांना पट्ट्यांची टोकं बाहेर आलीयत. ती साफ करायचीत. मला जमणार नाही, माझा हात पळीचा. तुम्ही करा."

काकांनी कोट काढला. पुढचे दोन तास गॅरेजमध्ये रंध्याच्या सळसळीशिवाय आवाज नव्हता. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, पण रंधा धरल्यावर हात एका रेषेत गेला तो गेला. देवदाराच्या पातळ कुरळ्या ढलप्यांचा ढीग आर्लीनच्या घोट्यापर्यंत आला. त्या दिवसापासून पांढऱ्या रंगाचं नाव निघालं नाही.

थरांचा निवाडा मात्र अजून बाकी होता, आणि तो आर्लीनने पिठाने केला.

वर सहा औंसाचा एक थर, खाली चार औंसाचा एक, इथवर तिचं ठरलं होतं. पण गुडघे, छाती, टाचा जिथे आदळतात तिथे आणखी एक थर हवा. तो किती मोठा? डेल्फिना म्हणाली, "अर्ध्या बोर्डावर टाकून दे." पण अर्ध्या बोर्डावर म्हणजे उगाच पौंडभर वजन. तेव्हा आर्लीनने बोर्ड जमिनीवर गाद्यांवर ठेवला, त्यावर जुनी काळी चादर ताणून बसवली, चाळणीने पीठ भुरभुरलं, रबरी सूट घातला आणि ती बोर्डावर पालथी पडली. हात मारले. गुडघे ओढून घेतले. उठली, पडली, पुन्हा उठली.

नेमकी त्याच वेळी डेल्फिना दार ढकलून आत आली. गॅरेजच्या मधोमध पिठाने माखलेली आर्लीन हवेत हात मारत पोहत होती.

"तळणार कधी?" डेल्फिनाने विचारलं.

"आधी बघ तरी!" आर्लीन उठली. चादरीवर पीठ पुसलं गेलं होतं तिथे काळा आकार उमटला होता: छातीचा मोठा गोल, खाली गुडघ्यांचे दोन, मागे टाचांचे दोन पट्टे. डेल्फिना वाकून बघत राहिली. तिच्या दुकानात सगळे तेच ते ठरलेले आकार होते, पोरांच्या पायांच्या मापाचे.

"हा कुठल्या देशाचा नकाशा गं?"

"आर्लीनस्तानचा. याच आकाराचं चार औंसाचं कापड काप. कडा उसवून ठेव, म्हणजे थर संपतो तिथे पायरी लागणार नाही."

डेल्फिनाने कात्री घेतली. जरा वेळाने पुटपुटली, "वीस वर्षांत हे मला का नाही सुचलं?"

"तुला स्वयंपाक येत नाही म्हणून."

कापड चढवलं त्या शनिवारी पाऊस थांबला होता. रेझिन कालवलं की घाई सुरू होते. अर्ध्या तासात ते हट्टी होतं. डेल्फिना रबरी पट्टीने ओढत होती, आर्लीन कडा खाली वळवत होती, काका दिवा धरून बुडबुडे दाखवत होते. "तिथे. तिथे गं. अगं, तुझ्या नाकासमोर." पांढरं कापड भिजलं तसं दिसेनासं झालं आणि खालून लाकूड वर आलं, ओल्या दगडासारखं चकचकीत. पेन्सिलीची अक्षरं कालच लिहिल्यासारखी. काका ती वाचायला इतके वाकले, की डेल्फिना ओरडली, "रेइनो, मागे व्हा! तुमच्या भुवईचा केस पडला!"

केस खरोखर पडला होता, पांढरा, लांब, "उद्या"च्या शेजारी. चिमट्याने काढायला गेले तर कापडच उचललं जायला लागलं.

"राहू दे," आर्लीन म्हणाली. "सही समजू."

बोर्ड भरला साडेवीस पौंड.

शॉर्ट सँडची पायवाट मोठमोठ्या झाडांखालून ओढ्याच्या कडेने जाते. आर्लीनने बोर्ड काखेत धरून, डोक्यावर धरून, पुन्हा काखेत धरून चार ठिकाणी दम खाल्ला. मागे काठी टेकत काका, त्यांच्या खांद्याला कॉफीचा थर्मास. डेल्फिना आपला बोर्ड दोन बोटांत धरल्यासारखा मिरवत पुढे गेली नि दर वळणावर वाट बघत उभी राहिली.

"एकतीस पौंडांचा असता तर?" तिने काकांना टोचलं.

"तर हिने चाकं लावली असती," काका म्हणाले.

पाणी नेहमीसारखं हाडं गोठवणारं. पहिली लाट आर्लीनच्या अंगावरून गेली. दुसरीवर ती गुडघ्यांवर आली, आणि तिचा सगळा भार त्या नकाशावर पडला. तिने दात आवळून लाकूड तडकण्याच्या आवाजाची वाट बघितली. आवाज आला नाही. फक्त पाण्याची सळसळ, आणि बोर्ड तिला घेऊन निघाला. तिसऱ्या लाटेवर ती उभी राहिली. उभी म्हणजे बरीचशी वाकलेली, बसकण मारू की नको अशा बेतात. पण पाय दोन्ही बोर्डावर आणि हात दोन्ही हवेत. किती वेळ? डेल्फिना म्हणते चार सेकंद. काका म्हणतात दहा. आर्लीनने मोजलं नाही, कारण ती त्या वेळी शाळेच्या आवाजात "बाजूला व्हा!" ओरडत होती, आणि समोरची सगळी मंडळी खरोखर रांगेत बाजूला झाली होती.

लाट तिला थेट ओढ्याच्या तोंडाशी, गोट्यांवर घेऊन गेली. खर्र! ती उतरली, बोर्ड उलटा केला. खालच्या एकेरी थरावर बोटभर ओरखडा, एका ठिकाणी कापड फाटून लाकूड उघडं पडलेलं.

डेल्फिना धावत आली. "बाहेर! आजचं पुरे. लाकडात पाणी शिरलं तर काळं पडेल, फुगेल. घरी नेऊ, वाळवू, ठिगळ लावू."

काका किनाऱ्यावरच्या ओंडक्यावरून उठून आले. त्यांनी ओरखड्यावर अंगठा फिरवला. तोंडावर कसलाही भाव न आणता म्हणाले, "खाली दोन थर हवे होते."

डेल्फिनाने बोर्डावरची वाळू झटकायला घेतली. खालच्या एका थराचं मत तिचंच होतं.

आर्लीनच्या भिजलेल्या केसांतून पाणी गळत होतं. ओठ निळे पडायला लागले होते. तिने समुद्राकडे बघितलं. पुढचा लाटांचा घोळका रांगेने येत होता.

"काका, चिकटपट्टी आहे?"

होड्या बांधणाऱ्या माणसाच्या खिशात चिकटपट्टी नसते, असं कधी झालंय? काकांनी आतल्या खिशातून रुपेरी पट्टीचं चपटं रीळ काढलं. आर्लीनने शर्टाच्या बाहीने लाकूड कोरडं केलं. शर्ट काकांचा होता. डेल्फिनाने कुरकुरत पट्टीची टोकं दाबून बसवली, एकावर एक तीन.

"एकच लाट," ती बजावून म्हणाली. "ऐकतेयस ना? एकच."

"एकच," आर्लीन म्हणाली, आणि बोर्ड काखेत मारून पाण्यात शिरली. परत आली तेव्हा थर्मासमधली कॉफी संपली होती आणि ओल्या बाहीने कुडकुडणारे काका नऊ लाटांपर्यंत मोजून कंटाळले होते.